दूध डेअरीला, चटणी आम्हाला!

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. रविवार होता आणि मेसमध्ये फीस्ट होती. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना फीस्ट म्हणजे काय ते मी सांगायला नको. सकाळी बादलीत कपडे भिजवतानासुद्धा विषय तोच. बोर्डवर खडूने लिहिलं होतं : पनीर बटर मसाला, बटर रोटी, जिरा राईस, बुंदी रायता, गुलाबजाम. माझी रूममेट नागपूरची आहे, म्हणून तिला सगळे 'नागपूर'च म्हणतात. तिने विचारलं, "तुझं आज काय?" मी म्हटलं, "जिरा राईस आणि लोणचं." चौकशी केली तर जिरा राईससुद्धा तुपातला निघाला. राहिलं लोणचं!

रिकामं ताट घेऊन मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेले. तिथे मेसच्या मावशी पोत्यावर बसून आपला डबा खात होत्या. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. मी नुसती बघत राहिले. मावशी ओशाळल्या. "ह्ये तुमास्नी कसं द्यायचं? आज तर फीस्ट हाय," म्हणाल्या. मी काही न बोलता शेजारी बसले. त्यांनी अर्धी भाकरी मोडून दिली. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला नाक वाहायला लागलं, आणि तिसऱ्या घासाला मी थेट घरी पोचले. त्या दिवशी आख्ख्या हॉस्टेलमध्ये खरी फीस्ट मी एकटीनेच खाल्ली असं माझं ठाम मत आहे. हा लेख त्या मतासाठी.

आधी एक खुलासा. माझं शिक्षण पहिल्यापासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझी कायमची एटीकेटी आहे. संपादक मंडळाने सुधारलं असेल तर त्यांचे आभार, नसेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दुसरा खुलासा पोटाचा. आमच्या घरी मांस-मच्छी, अंडी काहीच चालत नाही. फर्स्ट इयरला इथे आल्यावर माझं पोट सारखं बिघडायला लागलं. मी मेसला शिव्या घालत होते, पण डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं : महिनाभर दूध बंद करून बघ. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते आणि ती पचवणारं एन्झाइम लहानपणानंतर अनेकांमध्ये कमी होतं. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश मोठ्या माणसांची हीच गत आहे, म्हणजे मी काही विशेष नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं दही-तूप चालतंय का बघ. पण कुठे किती चाललं याचा रोज हिशोब ठेवण्यापेक्षा सगळंच बंद करणं मला सोपं वाटलं. शाकाहारातून दूध वजा केलं की बाकी जे राहतं ते मी. 'नागपूर'ने निदान केलं, "अगं, तू तर व्हेगन झालीस!" मी म्हटलं, झाले नाही गं, उरले!

मग मी या शब्दाचा शोध घेतला. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रमंडळींनी 'व्हेजिटेरियन' या शब्दाची पुढची आणि मागची अक्षरं घेऊन 'व्हेगन' तयार केला. दूध, तूप, अंडी, मध, प्राण्यांकडून आलेलं काहीच नाही. आता हा शब्द शहरात फॅशनेबल झालाय. बदामाचं दूध, सोयाचं चीज, छान छान बाटल्या आणि त्यांच्या किमती बघितल्या की आपण लगेच दूध प्यायला लागतो. लोकांना वाटतं व्हेगन म्हणजे गवत खाणारा, चेहरा पाडून बसलेला, श्रीमंत माणूस. माझं म्हणणं असं की ज्याला तिखट चालतं, त्याने आपल्या भागात व्हेगन राहणं ही शिक्षा नाही, चैन आहे. ती चैन कुठे कुठे मिळते ते आधी सांगते.

कोल्हापूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तांबडा-पांढरा रस्सा आणि गंगावेशीचा दूध कट्टा येतो. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना संध्याकाळी कट्ट्यावर न्यावंच लागतं. समोर म्हैस पिळायची आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात. मैत्रिणी ग्लास उचलतात तेव्हा मी सगळ्यांच्या पर्स सांभाळते. पण याच गावात सकाळी मिसळ आहे हे विसरू नका. उद्यमनगरात प्रोजेक्टचा जॉब मशिनिंगला टाकायचा आणि तो होईपर्यंत मिसळ खायची, ही आपल्या मेकॅनिकलवाल्यांची परंपराच आहे. मोड आलेली मटकी, बटाटा, फरसाण, कांदा, वरून लालभडक कट. इकडे बऱ्याच ठिकाणी पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात. फक्त "दही नको" एवढं सांगायचं (आणि अगदी काटेकोर असाल तर ब्रेडमध्ये दूध पावडर आहे का ते विचारायचं). पहिल्यांदा दही नको म्हटलं तेव्हा मालकांनी माझ्याकडे काळजीने बघितलं, "झेपंल काय?" झेपलं. आता ते न सांगता दही काढून ठेवतात आणि कट जास्त वाढतात.

रात्री भूक लागली तर हायवेच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर. कोल्हापूर, सांगली, कऱ्हाड या पट्ट्यात तो जसा मिळतो तसा दुसरीकडे मी खाल्लेला नाही. मसूर मऊ पण आख्खे, कांदा-लसणाचा जाळ, सोबत बिनबटरची रोटी. सबमिशनच्या रात्री जयसिंगपूरचं भडंग. लसूण, तिखट आणि शेंगदाणे, वाचता वाचता डबा कधी संपतो कळत नाही आणि जर्नलच्या पानांवर लाल ठसे उमटतात. (सरांना ते ठसे कशाचे आहेत ते आता कळलं असेल. सॉरी सर.) पावसाळ्यात कांदाभजी आणि तळलेली मिरची. प्यायला आलं-लिंबू घातलेला उसाचा रस. कोल्हापूर गुळाचं गाव आहे, तेव्हा उसाला इथे तोटा नाही. कोकम सरबतही मिळतं. राहता राहिला चहा. खरं सांगते, दूध सोडल्याचं दुःख नव्हतं, टपरी सोडल्याचं होतं. आपलं अर्धं इंजिनीअरिंग टपरीवर होतं! शेवटी टपरीवाल्या मामांनीच उपाय काढला. गुळाचा कोरा चहा, आलं ठेचून, वर लिंबाचे दोन थेंब. आता आमच्या ग्रुपमधल्या आणखी तिघी तोच पितात आणि त्यांचं पोट उत्तम आहे.

आता थोडं इंजिनीअरिंग, नाहीतर हा लेख आपल्या कॉलेजच्या मासिकात का म्हणून विचाराल. तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, त्याचं नाव टीआरपीव्ही-१. त्याचं मूळ काम साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणं. म्हणजे मिरची खाल्ली की सेन्सर मेंदूला सांगतो 'आग लागली', आणि प्रत्यक्षात तापमान तेवढंच असतं. इन्स्ट्रुमेंटेशनच्या भाषेत हा फॉल्स अलार्म! हा सेन्सर १९९७ साली शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, स्पर्शाच्या सेन्सरवर काम करणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर विभागून. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून मिसळीचा सगळा जाळ वरच्या तर्रीत असतो आणि म्हणून ठसका लागल्यावर पाणी पिऊन काही होत नाही, आग फक्त पसरते. दूध प्यायल्याने बरं वाटतं ते त्यातल्या केसीन या प्रथिनामुळे. आमच्यासारख्यांनी काय करायचं? भाकरीचा कोरडा तुकडा चघळायचा, गुळाचा खडा तोंडात धरायचा, किंवा सोलकढी प्यायची. नारळाच्या दुधात स्निग्धांश असतो, तो तिखट सोडवून नेतो.

सोलकढीवरून आमची खोली आठवली. चौघींची खोली म्हणजे छोटा महाराष्ट्र आहे. 'मालवण' सुट्टीवरून येताना आमसुलं आणते. ती भिजवून, नारळाचं दूध, लसूण, हिरवी मिरची आणि मीठ घातलं की गुलाबी सोलकढी तयार. तिच्याकडची कुळथाची पिठी आणि भात मी दोन दिवस तिच्या घरी राहून खाल्लाय. 'जळगाव'चं भरीत म्हणजे भाजलेल्या वांग्यात ठेचलेली हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाणे. तिखट शेवेची शेवभाजी वेगळीच. 'नागपूर' तर्री पोह्यांवरून रोज भांडते. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात यावर माझा आधी विश्वासच नव्हता. तिच्या घरचा पाटोडी रस्सा खाल्ला आणि मी कोल्हापूरच्या बाजूने भांडणं बंद केलं. एक दिवस आम्ही सहज यादी केली. चौघींच्या घरचे आवडते पदार्थ लिहिले, आणि त्यातले अर्ध्याहून जास्त माझ्यासाठी चालणारे निघाले. एकाही आईने 'व्हेगन' हा शब्द ऐकलेला नव्हता.

इथे माझ्या डोक्यात प्रश्न आला. एवढं सगळं आपल्या घरात होतंच, तर मग फीस्टच्या बोर्डवर यातलं एकही नाव का नसतं? मावशींना खर्डा देताना लाज का वाटली?

उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. ती लाज मला चांगली ओळखीची आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये डबा उघडला की कुणाकडे ब्रेड-बटर, कुणाकडे जॅम. माझ्याकडे चपातीत गुंडाळलेली कांदा-लसूण चटणी आणि शेंगतेल. सगळ्या वर्गाला वास जायचा. 'पुअर पीपल्स टिफिन' असं एकीने म्हटल्यावर मी कितीतरी दिवस डबा बाथरूमजवळच्या नळापाशी उभं राहून खाल्ला आणि घरी आईला सांगितलं, मलाही ब्रेड-बटर दे. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ब्रेड आला. बटर मात्र चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच होतं.

ते का, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या गोठ्यात तेव्हा तीन म्हशी होत्या. घरात दुधाला तोटा नसणार असं कुणालाही वाटेल. पण सकाळ-संध्याकाळ किटली भरून दूध डेअरीला जायचं. दर दहा दिवसांनी दूधबिल यायचं. त्यातून पेंड, किराणा आणि माझी शाळेची फी. घरात चहापुरतं दूध राहायचं. आजी म्हणायची, "दूध डेरीला, चटणी आमाला." ती हे हसत म्हणायची, त्यामुळे मला ते लहानपणी गमतीचं वाटायचं. पण हे वाक्य म्हणजे आमच्या घराचा ताळेबंद होता. दूध, लोणी, तूप हे विकायचे पदार्थ होते. खायचे पदार्थ म्हणजे भाकरी, झुणका, हुलग्याची आमटी, माळव्यातली वांगी आणि तिखट. भाजी कमी पडली की चटणी वाढायची. दुधाच्या गावातली माणसं व्हेगन जेवत होती, कारण दूध त्यांना परवडत नव्हतं!

मग त्या बायकांनी काय केलं? जे हाताशी होतं तेच इतकं चविष्ट केलं की पोरांना उणं वाटू नये. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात वर्षाची चटणी होते. गडहिंग्लजच्या बाजारातून जवारी संकेश्वरी मिरची आणायची, वाळवायची, देठ काढायचे. धने, तीळ, सुकं खोबरं भाजायचं, कांदा तळायचा, लसूण सोलायचा. कांडप गिरणीवर रांग लागते आणि आख्खी गल्ली शिंकते. ती लाल चटणी बरणीत दाबून भरली की वर्षाची निश्चिंती. मी हॉस्टेलला आले तेव्हा आजीने तीच बरणी माझ्या ट्रंकेत सगळ्यात खाली, कपड्यांत गुंडाळून ठेवली. रात्री मेसची भाजी उतरत नसेल तर ताटलीत चमचाभर चटणी, वर कच्चं शेंगतेल, शेजारी कांदा. गॅस लागत नाही, रेक्टर मॅडमची परवानगी लागत नाही.

म्हणून व्हेगन म्हटलं की मला दुधाविरुद्ध घोषणा देता येत नाहीत. ज्या दुधाने माझी फी भरली तेच माझ्या पोटाला चालत नाही, ही माझ्या नशिबाची गंमत आहे. घरी सांगितलं तेव्हा वडील दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांना वाटलं, पोरगी शिकली आणि गोठ्याला नावं ठेवायला लागली. मी सुट्टीत गेले तेव्हा धार काढताना त्यांच्याजवळ बसले, किटली डेअरीवर पोचवून आले. मग ते आजीला म्हणाले, "हिला खर्डा कर. जरा तिखट कर." माझ्या दृष्टीने प्रकरण मिटलं. जनावरांच्या कष्टाचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. ज्यांना तो पटला आणि त्यासाठी ज्यांनी दूध सोडलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण माझ्या घरापुरतं मी त्याचं भाषण करू शकत नाही. जेवू शकते आणि जेवायला बोलावू शकते.

आता काही आक्षेप, जे मी मेसच्या टेबलावर ऐकलेत.

पहिला : 'हे सगळं परदेशी फॅड आहे.' शब्द परदेशी आहे, कबूल. पण मग खर्डा-भाकरीचं ताटही तपासू. मिरची अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. ज्वारी काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. लसूण मध्य आशियातला. आपलं म्हणायला ताटात मीठच राहिलं! एवढे पाहुणे आपण पचवले, तर तीन अक्षरी शब्द का नाही पचणार? नाही पचला तर 'बिनदुधाचं' म्हणा. माझं काही अडत नाही.

दुसरा : 'ताकद कुठून येणार?' हा मात्र बरोबर प्रश्न आहे. डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, तीळ असतील तर प्रथिनांची फार काळजी नको. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. पण बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, मी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेते. हे लपवून कुणी व्हेगन व्हायला सांगत असेल तर ऐकू नका. आणि ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांनी माझ्या नादाने रोज कट ओरपू नये.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना : 'हे गरिबांचं जेवण.' हो, होतंच. त्या गरिबीचं कौतुक मी करणार नाही. आजीला जे नाइलाजाने खावं लागलं ते मी आवडीने खाते, एवढाच आमच्या दोघींतला फरक, आणि तो फार मोठा आहे. तिने पोरांना दूध द्यायला नको होतं असं नाही, तिला देता आलं नाही. पण म्हणून तिच्या हातच्या चवीला खालच्या पायरीवर बसवायचं? ज्या ताटावर आपण वाढलो त्याची लाज वाटून पनीरला 'स्पेशल' म्हणायचं, ही माझ्या मते खरी गरिबी आहे.

तेव्हा मेस कमिटीपुढे माझ्या मागण्या. आठवड्यातून एक रात्र भाकरीची ठेवा. झुणका, खर्डा, अख्खा मसूर, भरली वांगी, आलटून पालटून काहीही. फीस्टला पनीर खुशाल असू दे, पण शेजारी एक झणझणीत भाजी तेलातली असावी आणि भात तुपाशिवाय असावा. बोर्डवर पदार्थापुढे 'दूध आहे' की 'नाही' एवढं लिहा, खडू फारसा संपणार नाही. आणि चहाच्या वेळी एक किटली कोऱ्या चहाची. मसूर आणि बेसन पनीरपेक्षा स्वस्त आहे हे हिशोब बघणाऱ्या सरांना वेगळं सांगायला नको.

आणि एक शेवटची अट. खर्डा मशीनमधून काढायचा नाही. तव्यावर मिरच्या, लसूण, शेंगदाणे परतून, मीठ घालून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडायचा. कसा ते मावशींना माहीत आहे. त्या दिवशी बोर्डवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, खडूने लिहायचं : आजची फीस्ट, खर्डा-भाकरी. आणि मावशींनी मागच्या दाराशी पोत्यावर न बसता आमच्या टेबलावर येऊन जेवायचं.

पाणी मात्र आधीच भरून ठेवा. उपयोग होणार नाही, पण धीर येतो!